दुसरी सही

पहिल्याच दिवशी सरांनी वर्गाला विचारलं, "उन्हाळ्यात तार काय करते?"

आम्ही अठरा जण होतो. कुणी छताकडे बघत होतं, कुणी चपलेकडे. मी हात वर केला. का करू नये? आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. बी.एस्सी., तेही इलेक्ट्रॉनिक्स घेऊन आणि फर्स्ट क्लासमध्ये. आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात माझा हार घालून सत्कार झाला होता आणि त्या हाराची झेंडूची फुलं आईने वाळवून पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. असा माणूस गप्प बसेल का?

"ढिली पडते, सर."

"वाचलंस का पाहिलंस?"

"पाहिलंय. माझे वडील नांदगाव स्टेशनला सिग्नलच्या तारा बघतात. मे महिन्यात तार लांबते. केबिनमधून दांडा ओढला तरी सिग्नल पुरता पडत नाही. मग वडील जाऊन तार आवळतात."

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला आणि मला नीट बघून घेतलं.

"वडिलांचं बरोबर आहे. तुझं चूक आहे."

वर्ग हसला. माझे कान तापले.

"वडिलांची तार जमिनीवर असते," सर म्हणाले. "आपली तार विमानाच्या पोटातून जाते. विमानाचं अंग ॲल्युमिनियमचं, तार पोलादाची. उन्हात दोघंही वाढतात, पण अंग जास्त वाढतं, म्हणून तार ताणली जाते. थंडीत उलट. अंग जास्त आकसतं, तार लोंबते. वडिलांना सांग, निफाडच्या एका माणसाने नमस्कार सांगितलाय."

रविवारी घरी गेलो तेव्हा सांगितलं. वडिलांनी घास संपवला, पाणी प्याले, आणि म्हणाले, "हुशार मानूस हाय. पन त्याला म्हनावं, जमीन बी हलती. मोजली नसंल त्यानं."

हा निरोप मी भीत भीत पोचवला. सर इतके खूश झाले, की त्या दिवशी तास झालाच नाही. नुसते येरझारा घालत म्हणत होते, "जमीन बी हलती! ऐका लेको, याच्या वडलांनी काय सांगितलंय!" तेव्हापासून त्या दोघांची माझ्यामार्फत ओळख राहिली, ती अखेरपर्यंत. समोरासमोर भेटले मात्र कधीच नाहीत.

संस्था गंगापूर रोडच्या आत, एका पत्र्याच्या शेडमध्ये होती. विमानाच्या देखभालीचं लायसन्स काढायला जी परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी तिथे करून घेत. आजूबाजूला तेव्हा मळेच होते. शेडच्या मागच्या दारातून पाय बाहेर टाकला, की थेट झेंडूच्या वाफ्यात.

शेडच्या मधोमध सरांचा सांगाडा होता. त्याला दुसरं नाव नव्हतं. एका टोकाला मोडीत काढलेल्या प्रवासी विमानाचे दोन थ्रॉटल लिव्हर, वैमानिकाच्या हातात असतात तसे. तिथून निघालेल्या तारा पुलींवरून, कोपऱ्यांवरून, छताच्या लोखंडी कैचीला धरून चाळीस फूट लांब जायच्या आणि दुसऱ्या टोकाला इंजिनाच्या इंधन सोडणाऱ्या यंत्राला भिडायच्या. मोटरसायकलची मूठ पिळली की केबल ओढली जाते, तसंच हे. फक्त केबल विमानाच्या लांबीची. इकडे लिव्हर बोटभर सरकवला, की तिकडे यंत्राचा दांडा तेवढाच सरकला पाहिजे. कमी नाही, जास्त नाही, उशिरा तर नाहीच. हे सगळं जुळवणं म्हणजे सरांचा विषय, आणि सरांचं आयुष्यही.

सातवी पास माणूस. मुंबईला एका विमान कंपनीच्या वर्कशॉपमध्ये झाडू हातात घेऊन शिरले आणि पंचवीस वर्षांनी लायसन्सधारक म्हणून बाहेर पडले. रिटायर झाल्यावर निफाडला द्राक्षबाग केली आणि रोज एस.टी.ने नाशिकला शिकवायला येऊ लागले. गळ्यात बारा महिने मफलर. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी थर्मामीटर, हवेचं तापमान बघायचं. शेडमध्ये आल्यावर आधी ते खिळ्याला टांगायचे, पाच मिनिटं थांबायचे, आकडा फळ्यावर लिहायचे आणि मगच "नमस्कार" म्हणायचे. कुणी आधी नमस्कार केला तर ऐकूच जायचा नाही.

रस्त्याने चालताना द्राक्षाची बाग लागली, की हे मांडवाच्या तारेला बोटाने टिचकी मारणारच. बाग कुणाची का असेना. आवाज ऐकायचे आणि मालकाला हाक मारून सांगायचे, "दादा, चौथी तार मेली." पिंपळसकडचे बागाईतदार त्यांना लांबून बघूनच म्हणायचे, "आले, वाजवायला आले."

आम्हाला शिकवायची त्यांची पद्धत अशी, की डोळे मिटायचे, दोन बोटं तारेवर ठेवायची आणि दुसऱ्याने लिव्हर हलवायचा. मग सर कानाशी येऊन विचारायचे, "काय म्हणाली?"

"सरकली, सर."

"सरकली ते आंधळ्यालाही कळतं. म्हणाली काय?"

महिनाभर मला वाटायचं, म्हातारा आपल्याला बनवतोय. मग एक दिवस खरंच कळलं. मधेच एका ठिकाणी तार अडखळली. केसभर. मी म्हणालो, "तिसऱ्या पुलीपाशी कुरकुरली." सरांनी पुली उघडली. बेअरिंगमध्ये झेंडूची वाळकी पाकळी निघाली.

"ग्रॅज्युएट," सर म्हणाले, "आता तुझी डिग्री बोटापर्यंत आली."

तेव्हापासून ते मला ग्रॅज्युएटच म्हणत. दुसऱ्या कुणी तसं म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

आता सांगाड्याच्या वहीबद्दल. सांगाड्याला हात लागला, स्क्रूएवढं काही फिरवलं, तरी वहीत दोन सह्या झाल्याशिवाय लिव्हर हलवायचा नाही. पहिली सही काम करणाऱ्याची. दुसरी तपासणाऱ्याची. विमानाच्या धंद्यात कंट्रोलच्या कामाला हा नियमच आहे. पण सरांनी त्याला सोवळं करून ठेवलं होतं. दुसरी सही करणारा आला, की पहिल्याने शेडच्या बाहेर जायचं. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला चहा द्यायचा नाही, "मी ते बघितलंय" असं तर मुळीच म्हणायचं नाही. सर स्वतः काम करायचे तेव्हाही मागच्या दाराने झेंडूत जाऊन उभे राहायचे, पाठ करून, लग्नातल्या अंतरपाटाआड उभं राहावं तसे.

"पहिली सही हाताची असते," ते म्हणायचे. "दुसरी संशयाची. संशय नसेल तर पेन खिशात ठेवा."

मी परीक्षा पास झालो, आणि संस्थेने मला सहायक निदेशक म्हणून ठेवून घेतलं. सरांच्या शेजारी खुर्ची मिळाली. वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "त्येंच्या शेजारी? त्येंच्या बरुबरीनं?" आणि ते उठून बाहेर गेले.

ऐंशीचं दशक निम्मं उलटल्यावर ती पेटी आली. नव्या प्रवासी विमानांत लिव्हरला तार नसते, असं आम्ही मासिकांतून वाचत होतो. आता परीक्षेतही ते विचारणार म्हणून प्राचार्यांनी एक शिकवायचं मॉडेल मागवलं. हातभर लांबीची पेटी, वर एकच लिव्हर, आत इलेक्ट्रॉनिक सर्किट, आणि लवचीक वायरी. विषय माझाच होता, म्हणून शिकवायला मी. सर शेवटच्या बाकावर येऊन बसले. मफलर डोक्यावरून घेतलेला.

मी सांगत होतो, "लिव्हर किती सरकला, एवढंच इथे मोजलं जातं. ते वायरीतून कॉम्प्युटरला कळतं. मग हवा किती दाट आहे, तापमान किती आहे, इंजिन किती फिरतंय, हे सगळं बघून किती इंधन सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो."

"म्हणजे लिव्हर ओढत नाही?" मागून आवाज आला.

"नाही, सर. फक्त सांगतो."

"म्हणजे अर्ज करतो. मंजुरी साहेबाच्या हातात."

वर्ग हसत सुटला. मीही हसलो, पण सोडलं नाही. म्हणालो, "सर, जुन्यात वैमानिकाने लिव्हर जास्त रेटला तर इंजिन तापतं. त्याने काट्यावर डोळा ठेवून हात आवरायचा. इथे साहेब तापू देत नाही. आणि तुमचे दोन लिव्हर सारख्या जोरासाठी कधी एका रेषेत उभे राहिलेत? एक बोटभर पुढे असतोच."

"दोन बैल एका जोमाचे नसतात लेका. ते बघूनच गडी आसूड धरतो."

"इथे साहेब दोन्ही बैल सारखे चालवतो."

सर उठले, पुढे आले, लिव्हर मागेपुढे केला. तो लोण्यातून सुरी जावी तसा गेला.

"हा काहीच म्हणत नाही," सर म्हणाले. चेष्टा नव्हती. मुक्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलले. मग थर्मामीटर काढलं आणि घरी गेले.

पुढच्या आठवड्यात प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "बुधवारी लायसन्स खात्याचे साहेब येतायत, मान्यतेच्या तपासणीला. नव्या लॅबला जागा लागणार, आणि जागा सांगाड्याचीच आहे. मी साहेबांना म्हणणार, जुना विषय अजून आमच्याकडे उत्तम चालतो, दोन्ही ठेवू द्या. सर, सांगाडा त्यांच्यासमोर व्यवस्थित चालला तर सांगाडाही राहील आणि तुम्हीही. नाहीतर जूनपासून मला तुमचा तास दाखवता येणार नाही."

सरांनी मान हलवली. बाहेर आल्यावर म्हणाले, "एक पुली बदलायला झालीय."

मंगळवारी दिवसभर त्यांनी ते काम केलं. पुली बदलली म्हणजे सगळी जुळणी पहिल्यापासून. जुळणी करताना लिव्हर आणि दांडा हलू नयेत म्हणून चार ठिकाणी भोकांतून पोलादी पिना घालतात. प्रत्येक पिनेला लाल फीत, म्हणजे ती काढायची राहिली तर लांबून दिसावी. मग दोन्ही टोकांना उलटे आटे असलेल्या पितळी नळ्या, टर्नबकल, पिळून तारा ताणायच्या, त्या फिरू नयेत म्हणून बारीक लॉकवायर घालायची, आणि शेवटी पिना काढायच्या. त्या वर्षी सरांची बोटं थरथरायला लागली होती. मला दिसत होतं. त्यांना मदत केलेली चालत नसे.

संध्याकाळी त्यांनी वहीत सही केली. "ग्रॅज्युएट, दुसरी सही," म्हणाले, आणि झेंडूत जाऊन पाठ करून उभे राहिले.

मी बॅटरी हातात घेतली. आणि मला ते जमेना. दाराच्या चौकटीत त्यांची पाठ दिसत होती, वाकलेली. या माणसाने मला बोटं दिली. त्यांच्याच जागेवर माझी पेटी येणार होती. आता मी बॅटरी मारून त्यांची एकेक वायर तपासायची? आजच? म्हणजे तोंडावर सांगायचं, की म्हातारे झालात, भरवसा नाही?

मी दहा मिनिटं नुसता उभा राहिलो, त्यांना वाटावं की तपासतोय. दोनदा बॅटरी उघडझाप केली. मग सही केली. ठसठशीत, बी.एस्सी.सकट.

बुधवारी साहेब आले. मितभाषी गृहस्थ. सांगाड्याभोवती एक फेरी मारली, "वा" म्हणाले, आणि स्वतःच लिव्हर धरला. दोन बोटं सरकला, आणि थांबला. साहेबांनी जोर लावला. छताजवळ तार कण्हली.

सरांना आधी कळलं. "जोर लावू नका," ते म्हणाले, "पिन आहे." चाळीस फूट चालत गेले, यंत्राच्या मागे हात घातला आणि पिन काढून आणली. तिची लाल फीत केव्हाच तुटून पडलेली होती. नुसतं पोलाद, सावलीत काळं दिसणारं.

"माझी चूक," सर म्हणाले. "काढायची राहिली."

साहेबांनी वही मागितली. पान बघितलं. "पहिल्या सहीचं समजलं. मी दुसरीचं विचारतोय. कुणाची?"

"माझी," मी म्हणालो.

"तपासलं होतं?"

सर माझ्याकडे बघत नव्हते. पिनेकडे बघत होते.

"नाही, सर."

"का?"

"यांनी केलं होतं म्हणून."

साहेबांनी वही मिटली आणि प्राचार्यांच्या हातात दिली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

जूनमध्ये सांगाडा कापला. सरांनी प्राचार्यांना विचारून टर्नबकल तेवढे मागून घेतले, पिशवीत भरले आणि एस.टी.ला निघून गेले. माझ्याशी बोलले नाहीत. मी स्टँडपर्यंत दहा पावलं मागे चालत गेलो. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. शेडमध्ये मला नवीन लॅब मिळाली, पंखा मिळाला. वडिलांना मी सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या रेल्वेत पयल्याचं काम दुसरा गडी हातोडा मारून बगतो. पयला बाप का असंना." आणि पुढचे दोन रविवार माझ्याशी कामापुरतंच बोलले.

डिसेंबरात पोस्टकार्ड आलं. सरांचं अक्षर, वाकडं: "पेटीची माहिती सविस्तर घेऊन येणे. काकू विचारत आहेत." काकू म्हणजे सरांच्या पत्नी.

रविवारी पहिल्या एस.टी.ने गेलो. निफाडची थंडी काय असते ते निफाडवाल्यांनाच माहीत. बागांतून शेकोट्यांचा धूर निघत होता, वेलींना ऊब म्हणून. सरांच्या बागेत शिरलो आणि थबकलो. मांडवाच्या प्रत्येक तारेला एकेक टर्नबकल, विमानाचा. लॉकवायर घातलेली, सुबक पिळाची. घडांचं वजन वाढायला लागलं, की मांडव खाली बसतो. इतर लोक तारा पक्कडीने ओढतात, आणि सर इथे दोन बोटांनी नळी पिळत होते.

"बस," म्हणाले. जुन्यासारखंच. "सांग."

मी वही उघडून तासभर सांगितलं. या वेळी अर्ज-मंजुरीचा विनोद नाही. मुलासारखे ऐकत होते. शेवटी एकच प्रश्न विचारला, "तार बिघडली तर बोटाला कळतं. तुझ्या वायरीत कुणी खोटं बोललं तर कळतं कुणाला?"

"दुसऱ्याला, सर. आत कॉम्प्युटर एक नसतो, दोन असतात. लिव्हर किती सरकला ते दोघं वेगवेगळं मोजतात. एकाचं मोजमाप दुसरा ताडून बघतो. एक बिघडला तर दुसरा काम हातात घेतो."

"दुसरा पहिल्याचं ऐकत नाही?"

"ऐकतो. पण विश्वास ठेवत नाही."

सरांनी शेकोटीत एक काटकी सरकवली. मग मफलर सोडला, पहिल्यांदाच मी त्यांचा गळा पाहिला, आणि ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"म्हणजे तो दुसरा पहिल्याच्या पाया पडत नाही! अगं ऐकलंस का, पेटी बरी आहे. पेटी चांगली आहे!" मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "पिन राहिली ती माझ्या हाताने राहिली. हात म्हातारा होतोच. पण तू सहीच्या जागी नमस्कार केलास. वहीत नमस्काराला रकाना नव्हता रे."

मी माझी वही मिटली. काकूंनी चहा आणला आणि सोबत एक वही. बागेची. तारांच्या ओळी, तारखा, तापमान, आणि दोन सह्या. पहिली सरांची. दुसरी मोठ्या, गोल अक्षरांत काकूंची, पानोपानी.

"काकू, तुम्हाला यातलं कळतं?"

"मला काय कळतंय? मी आपली परतेक तार ढिलीच हाय असं धरून चालते. घट्ट निघाली तर ह्यांचं नशीब. लय वेळा नाय निघत."

सर चहा संपवून उठले. "आज अकरा ओळी केल्यात. हिचे गुडघे दुखतायत. दुसरी सही तू कर." आणि घराच्या मागे जाऊन उभे राहिले, पाठ करून.

मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. वाकून, खालून, दोन्ही बाजूंनी. टिचकी मारत, आटे मोजत, लॉकवायर नखाने ओढून बघत. दव पडलेल्या तारांनी बोटं बधिर झाली. काकू दारात बसून बघत होत्या. नववी झाली. दहावी झाली.

"सर," मी ओरडलो, "अकराव्या ओळीत लॉकवायरच नाही!"

घरामागून उत्तर आलं, "नीट बघ."

"बघितलं. नाहीये."

काकू खुदकन हसल्या. सर आले, वाकले, बघितलं. खिशातून वायर काढली, थरथरत्या बोटांनी घातली, पिळली. मग वही आणि पेन माझ्यापुढे धरलं.

मी घेतलं नाही. म्हणालो, "तुम्ही मागे जा आधी."

ते गेले. मी खाली बसलो आणि अकरावी ओळ पुन्हा पहिल्यापासून बघितली.